पवनचक्कीचा आवाज वाडीपर्यंत किती पोहोचेल? अंगणात उभं राहून मांडायचं गणित

फेब्रुवारीतली रात्र. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी-ठोसेघरच्या पठारालगतच्या एका वाडीत साउंड लेव्हल मीटर लावून मी अंगणात बसलो होतो. चुलीचा धूर सरळ वर चालला होता, तुळशीपुढच्या दिव्याची ज्योत जागची हलत नव्हती. वहीतल्या वाऱ्याच्या रकान्यात मी 'शांत' असं लिहिलं. वर पठारावर मात्र पाती झपाट्याने फिरत होती आणि हूश... हूश... असा आवाज अंगणात स्वच्छ येत होता. घरातल्या आजी म्हणाल्या, "दिवसा न्हाय रं जाणवत, बाळा. रातच्याला वारं पडलं की येतो त्यो."

आजींचं हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर लिहितो. आवाजाचे बरेच अंदाज दिवसाच्या, वाहत्या वाऱ्याच्या स्थितीवर मांडलेले असतात. त्रास होतो तो गावात वारा पडलेला आणि हबच्या, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या मध्याच्या, उंचीवर वारा चालू असलेल्या रात्री. पुढचं सगळं गणित त्या रात्रीसाठी मांडायचं आहे.

हा लेख ग्रामपंचायतीच्या सदस्यांसाठी, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि प्रकल्पावर नव्याने रुजू झालेल्या इंजिनिअरांसाठी आहे. एक्सेलची शीट आणि लॉगचं बटण असलेला कॅल्क्युलेटर एवढ्यावर काम भागतं. साताऱ्याच्या पठारांवर, वनकुसवड्यासारख्या ठिकाणी, ३५० किलोवॅटची जुनी यंत्रं उभी आहेत. जुनी काढून मोठी बसवण्याचं केंद्राचं धोरण २०१६ मध्ये आलं आणि २०२३ मध्ये सुधारलं गेलं. त्यामुळे ज्या वाड्यांना आवाजाची सवय झाली आहे, त्यांच्यासाठीही हे गणित पुन्हा नव्याने करावं लागणार आहे. लेखातले सगळे डेसिबल 'ए' भारित आहेत, म्हणजे माणसाच्या कानाला खोल सूर कमी ऐकू येतात ही गोष्ट त्यांत धरलेली आहे.

पहिली पायरी: नकाशावर आधी घरं, मग पवनचक्क्या

बहुतेक जण उलटं करतात. यंत्रांच्या जागा टाकतात आणि जवळचं 'गाव' म्हणून गावठाणाच्या मध्यावर टिंब देतात. आपल्याकडे गाव एका जागी नसतं. वाड्या असतात, रानातली वस्ती असते, धनगरवाडा असतो, शेतातलं एकटं घर असतं. महसुली नकाशावर यातलं निम्मं दिसत नाही. उपग्रहचित्रावर प्रत्येक छप्पर शोधा, मग पोलीसपाटलांना किंवा आशाताईंना सोबत घेऊन पायी फिरून खात्री करा. गोठा वाटणाऱ्या जागी माणसं झोपत असतात, असं मला अनेकदा आढळलं आहे.

प्रत्येक घराला क्रमांक द्या. अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहा. उंचीसाठी इस्रोच्या भुवन पोर्टलवरचं कार्टोडेम किंवा नासाच्या एसआरटीएमचं ३० मीटरचं, जमिनीच्या उंचीचं मॉडेल चालतं. मात्र कड्याच्या काठावर ते दहा-वीस मीटर चुकू शकतं, म्हणून तिथे जीपीएसने ताडून घ्या. दवाखाना आणि शाळा वेगळ्या खुणेने दाखवा, कारण शासनाने शांतता क्षेत्र जाहीर केलं असेल तर तिथली मर्यादा वेगळी असते.

दुसरी पायरी: यंत्राची ध्वनिशक्ती पातळी मिळवा

बल्बवर वॅट लिहिलेले असतात आणि पुस्तकावर पडणारा उजेड वेगळा मोजावा लागतो. तसंच इथे आहे. यंत्र एकूण किती ध्वनी बाहेर टाकतं ती ध्वनिशक्ती पातळी, आणि अंगणात कानावर येतो तो ध्वनिदाब. दोन्ही डेसिबलमध्येच लिहितात म्हणून गोंधळ होतो. '१०५ डेसिबल' वाचून कुणी घाबरतं, तर कुणी तो आकडा अहवालातून काढूनच टाकतं. आजच्या मोठ्या यंत्रांची ध्वनिशक्ती साधारण १०४ ते १०८ च्या दरम्यान असते.

हा आकडा आयईसी ६१४००-११ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मोजलेला हवा. त्या पद्धतीत वाऱ्याच्या खालच्या बाजूला (यंत्रावरून वारा जिकडे वाहतो तिकडे), हबची उंची अधिक पात्यांच्या व्यासाचा निम्मा भाग एवढ्या अंतरावर, जमिनीवर ठेवलेल्या फळीवर मायक्रोफोन लावतात. कंपनीकडे तीन गोष्टी लेखी मागा: ६३ पासून ८००० हर्ट्झपर्यंत प्रत्येक ऑक्टेव्ह बँडची, म्हणजे खोल ते तीव्र सुरांच्या प्रत्येक पट्ट्याची, वेगळी पातळी, प्रत्येक वाऱ्याच्या वेगाला असलेली पातळी, आणि मोजणीतली अनिश्चितता. नुसता एक एकूण आकडा मिळाला तर काम पुढे नेऊ नका. दूरवर कोणता सूर टिकतो हे बँडवरच ठरतं.

इथे एक फसगत होते. जुन्या अहवालांत '८ मीटर प्रति सेकंद, १० मीटर उंचीवर' असं लिहिलेलं असतं. हा वारा १० मीटरवर मोजलेला नसतो. हबच्या उंचीवरचा वारा एका ठरीव सूत्राने खाली आणलेला असतो. १०० मीटर हबसाठी तो ८ म्हणजे वर सुमारे साडेअकरा मीटर प्रति सेकंद. तुमच्या वाऱ्याच्या खांबावरचा १० मीटरचा आकडा त्याच्याशी जुळवला तर सगळी शीट चुकते. नेहमी हबच्या उंचीवरच्या वाऱ्यातच बोला.

तिसरी पायरी: आजींची रात्र आकड्यांत

दुपारी जमीन तापलेली असते, हवा खालीवर घुसळली जाते आणि वरचा वारा खालीही जाणवतो. सूर्य मावळला की जमीन थंड होते, तिला टेकलेला हवेचा थर जड होऊन खाली बसतो आणि वरच्या वाऱ्याचा खालच्या थराशी संबंध तुटतो. उंचीनुसार वारा किती वाढतो ते एका घातांकाने दाखवतात. दिवसा तो ०.१४ च्या आसपास धरतात, स्थिर रात्री तो ०.४ पर्यंत सहज जातो.

जमिनीपासून १० मीटरवर वारा २.५ मीटर प्रति सेकंद आहे असं समजा. झाडाची पानं जेमतेम हलतील एवढाच. दिवसा त्याच वेळी १०० मीटरवर ३.५ असेल, म्हणजे पाती नुकती फिरू लागलेली. रात्री तिथे ६.३ असेल आणि यंत्र जोरात चालू असेल. खाली पानांची सळसळ नाही, वर यंत्राचा आवाज. नेदरलँड्स-जर्मनी सीमेवरच्या र्‍हेडे पवनऊर्जा केंद्रावरच्या अभ्यासात २००४ मध्ये हेच मोजून दाखवलं गेलं. रात्री हबजवळचा वारा अपेक्षेच्या २.६ पटीपर्यंत जास्त आणि आवाज, संदर्भाचा वारा तेवढाच असलेल्या दिवसाच्या वेळेपेक्षा, १५ डेसिबलपर्यंत जास्त. तिथे १९०० मीटरवरच्या घरांतूनही तक्रारी होत्या.

त्यात भर म्हणजे थंड हवा खाली आणि उबदार हवा वर अशा स्थितीत आवाज वर निघून जात नाही, वाकून जमिनीकडे येतो. वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाजही असाच खाली वाकतो. पावसाळ्यात साताऱ्याच्या पठारांवर वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे पूर्व-ईशान्येच्या वाड्या आवाजाच्या वाटेवर. पण त्या दिवसांत पाऊस, ओढे आणि बेडूक स्वतःच एवढे गाजतात की यंत्र झाकलं जातं. हिवाळ्यात वीज कमी बनते, तरी रात्री निःशब्द असतात. दोन्ही ऋतू तपासा आणि त्यांतला वाईट आकडा घ्या. हिशेबात प्रत्येक घर वाऱ्याच्या खालच्या बाजूला आहे असंच धरायचं, आणि यंत्राची सर्वांत मोठी पातळी घ्यायची.

चौथी पायरी: अंतर, हवा, जमीन

जगभर यासाठी आयएसओ ९६१३-२ ही पद्धत वापरतात. ती १९९६ ची, २०२४ मध्ये सुधारली गेली. तिचा गाभा एका ओळीत मावतो: घराजवळची पातळी म्हणजे यंत्राची ध्वनिशक्ती वजा अंतराची घट, वजा हवेची घट, वजा जमिनीचा परिणाम, वजा आडोशाची घट. हे प्रत्येक बँडसाठी वेगळं करायचं आणि शेवटी एकत्र करायचं.

उदाहरण घेऊ. हब १०० मीटर, ध्वनिशक्ती १०५, घर सपाट अंतराने ७०० मीटरवर. कान ४ मीटर उंचीवर धरा. ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट ऑफ अकॉस्टिक्सच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत हीच उंची आहे, माडीवरची खिडकी धरून. तिरपं अंतर निघतं ७०६.६ मीटर. अंतराची घट = २० × लॉग(अंतर) + ११ = ६८ डेसिबल. ही सगळ्या बँडना सारखी.

हवेची घट मात्र सुराप्रमाणे फार बदलते. २० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रतेला किलोमीटरमागे ६३ हर्ट्झवर ०.१ डेसिबल, ५०० वर २.८, १००० वर ५, २००० वर ९, ४००० वर २२.९ आणि ८००० वर ७६.६. म्हणून जवळ उभं राहिल्यावर ऐकू येणारी सूं-सूं दूर जाईतो गळून पडते आणि घोंघाटाचा मधला-खालचा भाग उरतो.

जमीन हा भाग सर्वांत नाजूक आहे. पद्धतीत तिच्यासाठी ० ते १ असा एक आकडा असतो: कडक जमीन ०, मऊ सच्छिद्र जमीन १. सुरुवातीच्या काळात मी एका पठारासाठी १ धरला होता. ऑक्टोबरात गेलो होतो, गुडघाभर गवत, रानफुलं, पाय टाकला की मऊ लागायचं. एप्रिलमध्ये पुन्हा गेलो तेव्हा गवत वाळून उडालेलं आणि वीतभर मातीखालचा जांभ्याचा सडा उघडा पडलेला. खडक तो, आवाज आरशासारखा परत टाकणार. पावसाळ्यातही तीच गत, कारण पाणी भरलेली माती आवाज शोषत नाही. सड्यासाठी आणि जलाशयासाठी ० धरा. नांगरलेल्या शेतासाठी ०.५ धरा, त्याहून वर जाऊ नका.

कडक जमीन धरली तर प्रत्येक बँडमध्ये ३ डेसिबलची भर पडते. तक्ता असा होतो:

| बँड (हर्ट्झ) | यंत्राची पातळी | हवेची घट | घराजवळ |
|---|---|---|---|
| ६३ | ८६ | ०.१ | २०.९ |
| १२५ | ९३ | ०.२ | २७.८ |
| २५० | ९७ | ०.८ | ३१.२ |
| ५०० | ९९ | २.० | ३२.० |
| १००० | १०० | ३.५ | ३१.५ |
| २००० | ९७ | ६.४ | २५.६ |
| ४००० | ९० | १६.२ | ८.८ |
| ८००० | ७८ | ५४.१ | नगण्य |

यंत्राच्या पातळ्यांचा हा रकाना मी समजावण्यापुरता घेतला आहे. तुमच्या यंत्राचा रकाना त्याच्या चाचणी अहवालातून घ्या. शेवटच्या रकान्यातल्या आकड्यांची सरळ बेरीज करायची नाही. प्रत्येकाला १० ने भागून १० च्या घातांकावर चढवा, बेरीज करा, मग लॉग घेऊन १० ने गुणा. उत्तर ३७.३ डेसिबल.

तेच गणित जमीन ०.५ धरून केलं तर ३५.५ येतं आणि १ धरून ३३.७. कडक आणि मऊ यांत ३.६ डेसिबलचा फरक. दोन सारखी यंत्रं एकत्र आली की ३ डेसिबल वाढतात, हे लक्षात घेतलं तर एका आकड्याच्या निवडीने निम्म्याहून जास्त पवनचक्क्या कागदावरून पुसल्या जातात. कुणाचाही अहवाल हातात आला की मी आधी जमिनीचा हा आकडा शोधतो.

ताडून पाहायला एक सोपी युक्ती आहे. सहा-सातशे मीटरवर हवेची घट आणि कडक जमिनीची भर जवळपास एकमेकींना खातात. म्हणून १०५ वजा ६८, सदतीस. सॉफ्टवेअरचं उत्तर यापासून फार लांब असेल तर आत काहीतरी गडबड आहे, असं धरून शोधायला लागा.

पाचवी पायरी: कडा आणि दरी

सह्याद्रीत सपाट अंतराचं गणित अपुरं पडतं. प्रत्येक घरापासून प्रत्येक हबपर्यंत जमिनीचा छेद काढा आणि हब दिसतो का ते पाहा.

घर कड्याच्या खाली असेल आणि पात्याचं टोकही दिसत नसेल, तर सॉफ्टवेअर आडोशापोटी मोठी घट देऊन टाकतं, कधी १०-१५ डेसिबल. ती मान्य करू नका. आवाज कड्यावरून वाकून खाली येतो, विशेषतः वारा दरीकडे वाहत असताना. ब्रिटिश मार्गदर्शिका अशा वेळी २ डेसिबलपेक्षा जास्त सूट देत नाही, आणि आपल्या रात्रींसाठीही तेवढीच योग्य आहे.

उलट स्थिती जास्त वाईट. यंत्र एका धारेवर, घर समोरच्या उतारावर आणि मध्ये खोलगट दरी. आवाजाला वाटेत जमीन भेटतच नाही आणि दरीच्या पोटातून परावर्तित झालेले किरण घरावर एकत्र येतात. अशा जागी ३ डेसिबल वाढवायचे. कसोटी अशी: हबपासून कानापर्यंत सरळ रेषा काढा आणि तिची जमिनीपासूनची सरासरी उंची काढा. हबची आणि कानाची आपापल्या जमिनीपासूनची उंची घेऊन त्यांतल्या फरकाचा निम्मा काढा. सरासरी उंची या निम्म्याच्या दीडपट किंवा जास्त असेल तर ३ डेसिबलची भर लागू. कोयनेच्या खोऱ्याकडे तोंड असलेल्या वाड्यांत ही तपासणी चुकवू नका.

सहावी पायरी: सगळी यंत्रं एकत्र

एकट्या यंत्राने गावाला त्रास झाला असं क्वचित घडतं. रांग असते. आपल्या उदाहरणात दुसरं यंत्र ९५० मीटरवर आणि तिसरं १३०० मीटरवर घ्या. कडक जमिनीवर त्यांचे आकडे ३४.० आणि ३०.४ येतात. पहिल्याचे ३७.३ धरून तिघांची मिळून बेरीज ३९.६. दुसऱ्या कंपनीची शेजारची यंत्रंही याच बेरजेत घ्यायची. घरात झोपलेल्या माणसाला मालक कोण ते कळत नाही.

नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोणत्याही घरापासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की नको. हा नियम चांगला, पण अपुरा. आपलं यंत्र ५०० मीटरवर ठेवलं तर एकट्याचे ४०.८ येतात, तशीच दोन ठेवली तर ४३.८ आणि चार ठेवली तर ४६.८. अंतराचा नियम पाळूनही रात्रीची मर्यादा ओलांडता येते.

सातवी पायरी: चुकीसाठी जागा ठेवा

आयएसओ पद्धत स्वतःच १००० मीटरपर्यंत अधिक-उणे ३ डेसिबलची अचूकता सांगते, तीही स्रोत आणि कान यांची सरासरी उंची ३० मीटरपर्यंत असताना. आपली सरासरी ५२ मीटर आहे. यंत्राच्या मोजणीतली अनिश्चितता वेगळी. म्हणून कमीत कमी २ डेसिबल वर चढवूनच आकडा गावासमोर ठेवावा. तीन यंत्रांच्या उदाहरणात तो ४१.६ होतो. ५०० मीटरवरची दोन यंत्रं ४५.८ वर जातात.

जर्मनीत २०१५ मध्ये आलेल्या अंतरिम पद्धतीत अशा उंच स्रोतांसाठी जमिनीची शोषणसूट देणंच बंद करून सरसकट ३ डेसिबलची भर धरली आहे. आपल्या सड्यांवर आपण नेमकं तेच केलं.

आठवी पायरी: आकडा कशाशी ताडायचा

आपल्याकडे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू आहेत. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. वाडी हे निवासी क्षेत्र आहे. आजूबाजूला पवनचक्क्या आहेत म्हणून तिला औद्योगिक मर्यादा लावलेली मी अहवालात पाहिली आहे. तसं दिसलं तर लेखी हरकत घ्या. पवनऊर्जेला २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे हा हिशेब कुणीतरी सक्तीने करून घेईल अशी वाट पाहू नये. ग्रामसभेनेच मागावा.

४५ खाली आकडा आला तरी आवाज ऐकू येणार नाही असं होत नाही. डेन्मार्कमध्ये मोकळ्या भागातल्या घरांसाठी ६ मीटर प्रति सेकंद वाऱ्याला (हा १० मीटर उंचीचा) ४२ आणि ८ ला ४४ अशी मर्यादा आहे. निवासी वसाहतींसारख्या संवेदनशील भागांसाठी ती ३७ आणि ३९. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या युरोपीय शिफारशीत ४५ आहे, पण तो संध्याकाळ-रात्रीला जास्त वजन देऊन काढलेला चोवीस तासांचा आकडा. आपल्या रात्रीच्या ४५ शी त्याची थेट तुलना करू नका.

म्हणून घराजवळची मूळ शांतताही मोजा. प्रकल्प येण्यापूर्वी, किमान दोन आठवडे, दहा-दहा मिनिटांच्या नोंदी, सोबत हबच्या उंचीवरचा वारा. दर नोंदीतली नव्वद टक्के वेळ ओलांडली जाणारी पातळी घ्या, म्हणजे कुत्रं भुंकलं किंवा फटफटी गेली तरी आकडा बिघडत नाही. पावसाच्या नोंदी काढून टाका. मायक्रोफोनवर मोठा वाऱ्याचा फेस लावा आणि आधी-नंतर ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरने तपासा. मूळ शांतता ३० आणि यंत्रांचा आवाज ४० असेल, तर रात्रभर ऐकू येतं ते फक्त यंत्रच.

बंद खिडकीची सूट घेऊ नका. आपल्याकडे खिडक्या उघड्या असतात, कौलांतून आवाज येतो आणि उन्हाळ्यात माणसं ओट्यावर झोपतात.

आकड्यात न मावणारं

पात्याच्या टोकाचा वेग प्रचंड असतो. १२० मीटर व्यासाचं चक्र मिनिटाला १२ फेरे घेत असेल तर टोक ताशी २७० किलोमीटरने धावतं. पात्याच्या बाहेरच्या भागातून, मागच्या धारेवरून हवा सुटताना जो घुसमटलेला आवाज होतो तोच मुख्य. पातं खाली येताना तो ऐकणाऱ्याकडे जास्त फेकला जातो, म्हणून हूश. तीन पाती, १२ फेरे, म्हणजे सेकंदाला ०.६ वेळा. सरासरी डेसिबलमध्ये ही धडधड दिसत नाही, पण झोप तीच मोडते. स्थिर रात्री ती वाढते, कारण वरच्या पात्याला आणि खालच्या पात्याला भेटणारा वारा फार वेगळा असतो. इन्स्टिट्यूट ऑफ अकॉस्टिक्सच्या एका गटाने २०१६ मध्ये ती मोजायची पद्धत दिली आहे. निदान रात्रीचं ध्वनिमुद्रण तरी जपून ठेवा.

कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाची भीती गावोगाव विचारली जाते. घरांच्या अंतरावर आजच्या यंत्रांचा तो भाग ऐकू येण्याच्या पातळीच्या बराच खाली असतो, हे मी स्पष्ट सांगतो. ऐकू येणारा खोल घुमारा मात्र खरा आहे. डेन्मार्कने १० ते १६० हर्ट्झसाठी घरात २० डेसिबलची वेगळी मर्यादा ठेवली आहे, आणि हा भाग कमी करणं सर्वांत अवघड जातं.

जास्त येत असेल तर

सर्वांत स्वस्त उपाय कागदावर असतानाच: जवळचं एक यंत्र हलवा किंवा रद्द करा. बेरजेत जवळच्या एक-दोन यंत्रांचाच वाटा मोठा असतो, तो क्रमाने लावून पाहा. उभं राहिल्यावर फेरे कमी करता येतात. आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घातांकाने बदलतो, म्हणून वेग दहा टक्के उतरवला तर सव्वादोन-अडीच डेसिबल कमी होतात. वीज थोडी घटते, पण हे फक्त ठरावीक रात्री आणि ठरावीक दिशेच्या वाऱ्याला करायचं असतं. मागच्या धारेवर करवतीसारखे दात बसवले तर साधारण २-३ डेसिबल घटतात. यातलं काय करणार ते करारात लिहून घ्या.

चालू झाल्यावरची तपासणी

मोजणी त्याच घरात, त्याच जागी. यंत्रं चालू असताना दहा मिनिटं, लगेच बंद करून दहा मिनिटं, पुन्हा चालू. चालू ४२ आणि बंद ३७ असेल तर यंत्राचे ४०.३ निघतात, इथेही लॉगनेच वजाबाकी करून. दोन्हींत ३ डेसिबलपेक्षा कमी फरक असेल तर वजाबाकी करू नका, दुसरी शांत रात्र निवडा. ही चाचणी दुपारी तीन वाजता करण्याचा आग्रह धरला जाईल. रात्री अकरा ते पहाटे चार या वेळेतच ती घ्या.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दोन कागद लावा. पहिल्यावर ३५, ४० आणि ४५ च्या रेषा काढलेला नकाशा, शेजारी प्रत्येक घराचा क्रमांक आणि अंदाजित आकडा, खाली जमिनीसाठी धरलेला आकडा ठळक अक्षरांत. दुसरा रिकाम्या रकान्यांचा: तारीख, वेळ, कोणत्या बाजूचा पंखा, आवाज कसा, धूर सरळ जात होता की आडवा. त्या वाडीत शेवटचा रकाना आजींनी सुचवला. वाऱ्याचं यंत्र नसलेल्या घरातूनही तो रोज भरता येतो.